धक्क्यावरून न हललेलं जहाज

रिगा नावाचं शहर जगात नाही, हे एकहार्ट क्निपरने अखेर सिद्ध केलं. ते आपल्या कानावर आलेलंच नाही असं समजू. जहाज अजून ग्दान्स्कच्या धक्क्याला लागलेलं आहे, सकाळचे साडेदहा वाजलेत आणि एकहार्ट खाली उतरायला तयार नाही.

"हे कालचंच गाव आहे," तो म्हणाला.

"काल कोपनहेगन होतं," रोझविथा म्हणाली. ती त्याची बायको.

"काल काय पाहिलं? लाल विटांचं चर्च, अंबरच्या पिवळ्या मण्यांच्या माळांचं दुकान, टोपी घालून अकॉर्डियन वाजवणारा. आज काय आहे? बघ."

रोझविथाने कठड्यावरून पाहिलं. तिन्ही होती.

"जहाज रात्री निघतं, समुद्रात एक गोल चक्कर मारतं आणि सकाळी होतं तिथेच येतं. तोवर हे लोक पाट्या बदलतात. डिझेल वाचतं."

"आणि भाषा? तीही रातोरात बदलतात?"

"चार शब्द पाठ करायला काय लागतं!"

तीन महिन्यांपूर्वी एकहार्टचं हृदय बंद पडता पडता राहिलं होतं. रोज दोन तास चालणार नसाल तर पुढच्या तपासणीची तारीख देऊन मी कागद वाया घालवत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणून रोझविथाने ही सहल काढली. रोज नवं बंदर आलं की माणूस पाय मोकळे करील. पण हा माणूस पहाटे उठून डेकवरच्या आरामखुर्चीवर टॉवेल टाकायचा आणि मग दिवसभर त्या टॉवेलवर पडून राहायचा.

"मग सिद्ध कर की," ती म्हणाली. "पडल्या पडल्या कसले आरोप करतोस, म्हाताऱ्या?"

हे मात्र त्याला झोंबलं. एकतीस वर्षं त्याने ओस्नाब्रुकच्या रस्त्यांवर उभ्या गाड्या तपासल्या होत्या. टायरवर खडूची रेघ मारायची, शेजारी वेळ लिहायची. दोन तासांनी रेघ तिथेच दिसली की गाडी हललेली नाही. मग मालकाने कितीही शपथा घ्याव्यात. खडू अजून त्याच्या कोटाच्या खिशात असे. तो उतरला, धक्क्यावरच्या पहिल्याच दिव्याच्या खांबाला बुडाशी रेघ मारली, शेजारी १०:४० लिहिलं आणि परत येऊन टॉवेलवर पडला. एकूण चाळीस पावलं.

दुसऱ्या दिवशी क्लायपेडा. "तुझी न्याहारीची अंडी होऊ देत सावकाश," रोझविथा म्हणाली, "मी पुढे जाऊन कॉफीच्या दुकानात खिडकीजवळची जागा धरते." नऊ वाजता एकहार्ट उतरला. धक्क्यावरच्या खांबाला काही नव्हतं. "पुसली!" तो आनंदाने म्हणाला आणि गाव धुंडाळायला निघाला. पुलापलीकडे, मासळी बाजारामागच्या खांबाला रेघ सापडली. १०:४०.

"खांबच उपटून आत नेलाय," तो कॉफी पिताना म्हणाला.

"हरामखोर," रोझविथा म्हणाली.

त्यानंतर रिगा. तिथे त्याला रेघ शोधायला तीन तास लागले. पुढचं तुम्हाला माहीत नाही, असं आपलं ठरलंय.

आता एकहार्टला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. छत्री उंच धरून चालणाऱ्या गाइडबाईचा. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जोडप्याचा. अकॉर्डियनवाल्याला त्याने तोंडावर विचारलं, तेव्हा तो चार भाषांत नाही म्हणाला. चार! तयारीशिवाय कोण इतकं करतं? एकहार्टला भूक लागू लागली. गालांवर रंग आला. टॉवेल दिवसभर खुर्चीवर एकटाच ऊन खात पडू लागला.

टाल्लिनला तो न्याहारीला जातो म्हणून निघाला आणि अंडी तशीच सोडली. आठ वाजता जहाजाचं दार उघडताच कॉलर वर करून तो चोराला रंगेहाथ पकडायला निघाला आणि, रेघ रोज आणखी लांब सरकत होती म्हणून, किल्ल्याच्या टेकडीवर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांपाशी, पोस्टकार्डांच्या फिरत्या स्टँडमागे दबा धरून बसला.

चोर आला. पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी. एका हाताने कठडा धरून तो पायऱ्या चढत होता. एक पाय वर, दुसरा ओढून त्याच पायरीवर. थांबायचं. दम घ्यायचा. मग पुढची पायरी. दर वेळी उजवा गुडघा हाताने दाबायचा. वर पोहोचायला त्याला पाव तास लागला. तिथे तो खांबाला धरून हळूहळू वाकला, खडू काढला, रेघ मारली, मान तिरकी करून पाहिली. पसंत पडली नाही. बोटाने पुसून पुन्हा मारली, या वेळी जराशी डावीकडे झुकलेली, एकहार्टची झुकते तशी.

मग तो वळला आणि उलटा, कठड्याला बिलगून, एकेक पायरी उतरू लागला. टोपी सरकली आणि ओळखीचे पांढरे केस बाहेर आले. एकहार्टने स्टँड एवढ्या जोरात धरला की तो फिरायचा थांबला.

एकतीस वर्षांत त्याने कुणालाही सोडलं नव्हतं. नगराध्यक्षालाही नाही. तो स्टँडमागे खाली वाकून बसला आणि पिवळा रेनकोट कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत उठला नाही.

दहा वाजता तो कॉफीच्या दुकानात शिरला. खिडकीजवळची जागा धरलेली होती.

"सापडली?" रोझविथाने विचारलं.

"पार वर, टेकडीच्या टोकाला. नालायक लोक आहेत."

"म्हणजे हेही गाव नाहीच."

"छे. उद्या स्टॉकहोम तपासावं लागणार. पायी."

"लागणारच," ती म्हणाली आणि तिने आपला केक त्याच्याकडे सरकवला.

संध्याकाळी एकहार्टने जहाजाच्या स्वागतकक्षातून तक्रारीचा अर्ज घेतला आणि टपोऱ्या सरकारी अक्षरात भरला:

"प्रति, कप्तान. बंदरोबंदरी खुणा करणाऱ्या इसमाबद्दल आमची तक्रार नाही. तथापि सदर इसमाचा उजवा गुडघा दुखतो, असे आमच्या निदर्शनास आले आहे. सबब स्टॉकहोम शहर उद्या सकाळी आठच्या आत सपाट करून मिळावे, ही विनंती."