फिरतीवरचे फोटो

"हा? हा धबधबा?"

पाठीवरची सॅक न उतरवताच ती ओरडली. वर काळा कातळ, त्यावरून नळ नीट बंद न केल्यासारखी एक धार आणि खाली प्लास्टिकच्या बाटल्या. दहा दिवसांतली ही चौथी फजिती. किल्ल्याला कुलूप होतं, तळ्यात पाण्यापेक्षा शेवाळ जास्त होतं आणि राजवाडा म्हणे वीस वर्षांपूर्वीच पाडला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी, मिळेल त्या बसने, मिळेल त्या लॉजवर राहत ती हे बघायला निघाली होती!

हातात चार जुने फोटो होते. चारही बाबांचे. ती पहिलीत गेली त्या वर्षी बाबा फिरतीवर गेले, ते दोन वर्षं घरी फिरकलेच नाहीत. शिलाई मशीन विकायची तर एवढं काय फिरायचं? अधूनमधून पाकिटातून एक फोटो यायचा. किल्ल्यासमोर बाबा, तळ्याकाठी बाबा. अंगात तोच चौकटीचा कोट, डोक्यावर तीच ऐटबाज टोपी आणि दरवेळी बसलेले. मागे बाबांच्या अक्षरात जागेचं नाव. "आळशी कुठले! फोटोपुरतंसुद्धा उभं राहवत नाही," असं आई हसत म्हणायची आणि लगेच आत निघून जायची.

तिला मात्र हसू येत नसे. सायकल बाबा शिकवणार होते, ती शेवटी शेजारच्या काकूंकडून शिकली. बाबा परत आले तेव्हाही जवळ घेईनात. झोपायचे बाहेरच्या खोलीत, ताट-भांडं वेगळं. फिरून फिरून माणूस परका झाला, एवढंच तिला तेव्हा कळलं. तो राग तिने चाळीस वर्षं नीट जपून ठेवला होता. आपल्यापेक्षा भारी असं काय होतं तिथे, ते तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. निघताना बाबांनी सतरा कारणं काढून अडवलं होतं. तिने ऐकलं नाही.

तिने तिथूनच फोन लावला.

"बाबा, यासाठी? या चूळ भरण्याएवढ्या पाण्यासाठी तुम्ही मला दोन वर्षं टाकून गेलात?"

"ठमे, घरी ये ग," बाबा एवढंच म्हणाले. तिने फोन बंद केला.

शेजारच्या टपरीवरची चहावाली बाई सगळं ऐकत होती. तिने हात पुढे करून फोटो मागितला, डोळ्यांजवळ धरला आणि मान हलवली.

"हा आमचा धबधबा नव्हेच, बाई. असलं झाड इथे कधी नव्हतं. आणि एवढ्या पाण्याला खेटून बसलेला माणूस भिजेल की नाही? यांचा कोट बघा, कोरडा ठणठणीत."

ती चरकली. तिने फोटो उलटला. कोपऱ्यात एका स्टुडिओचा पुसट शिक्का होता. चारही फोटोंवर तोच. फोटो धुऊन घेतले ती जागा असेल, असं ती आजवर धरून चालली होती. शिक्क्यावरच्या गावातूनच तर सकाळी तिची बस आली होती.

दुपारी ती त्या स्टुडिओत उभी होती. पुढे मोबाईलची कव्हरं टांगलेली, मागे म्हातारा फोटोग्राफर. तिने चारही फोटो काउंटरवर मांडले. त्याला काहीच नवल वाटलं नाही. तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने एक दोरी सोडली. धाडकन पडदा खाली आला.

धबधबा. तेच झाड, तेच पांढरंशुभ्र पाणी.

"याच्यामागे किल्ला आहे. तळं उंदरांनी खाल्लं," तो म्हणाला.

खुंटीवर चौकटीचा कोट होता. त्यावर टोपी. तिने त्या कोटाची बाही चाचपली. त्याने एक स्टूल पुढे सरकवलं. ती बसली तशी ते एका बाजूला कललं.

"जपून, ताई. त्याचा एक पाय आखूड आहे."

"माझे बाबा... इथे कशाला आले होते?"

त्याने खिडकीकडे बोट केलं. रस्त्यापलीकडे एक लांबलचक, बंद पडलेली इमारत होती.

"छातीचा दवाखाना होता तो. तिथले पेशंट यायचे. तेव्हा क्षयाचं नाव कळलं की शाळेत पोराशेजारी कुणी बसत नसे. म्हणून घरी सांगायचं, फिरतीवर आहे. पोरांना पाठवायला फोटो हवे असायचे. मी कोट द्यायचो, त्यात हाडं झाकली जायची." त्याने खुंटीवरचा कोट सारखा केला. "उभं राहवायचं नाही हो कुणाला. म्हणून बसवायचो."

वेगळं ताट. बाहेरची खोली. हसता हसता आत जाणारी आई. ती तर हे सगळं पोटात घेऊनच गेली. आणि आपण सकाळी फोनवर काय बोललो! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाबाच.

"ठमे, चिडू नकोस ग. निघालीस ना तिथून? नाहीच आहे ना तिथे काही?"

"आहे, बाबा." तिने पडद्याकडे पाहिलं. "खूप पाणी आहे. झाडसुद्धा आहे, तुमच्या फोटोतलं. मी अगदी समोरच बसलेय."

फोन कट झाला की काय, म्हणून तिने तो कानावर घट्ट दाबला. मग बाबांनी हलकेच विचारलं,

"ते स्टूल अजून डुगडुगतं का ग?"