ताई सांगते ते

धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची आणि शेजारी बसलेली ताई ते डॉक्टरांना सांगायची.

“रिकाम्या खुर्चीत तिला दोन हात दिसतात. गेले सहा महिने तेच तिच्याशी बोलतात, कॉलेजही सुटलं. विनोद मात्र झकास करतात म्हणे.”

“कुणाला आवाज येतात, हिला हात दिसतात,” डॉक्टर म्हणाले. “स्किझोफ्रेनिया आहे. वेळेत आलात, औषधाने फरक पडेल.”

ताईचा जीव भांड्यात पडला. “या डॉक्टरांच्या मिशा म्हणजे बुटाचा ब्रश,” तिने हसत पुढचं सांगितलं.

डॉक्टर पोट धरून हसले. धाकटीला टाळी द्यायला वळले, तर तिचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात.

“थांबा,” कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ताई म्हणाली, “अजून संपलं नाही त्यांचं.”