नावं घेणारा फोन

"आगलावी. कॉल येतोय," सासऱ्यांच्या गळ्यातला फोन खणखणीत आवाजात म्हणाला.

सुनेच्या हातातली उशी खाली पडली.

सासऱ्यांनी चाचपडत बोट फिरवलं आणि फोन कानाला लावला. "बोल ताई. हो, आजच जातोय मुलाकडे. कायमचा. नाही गं, कुणी फसवत नाहीये मला. ठेव आता."

मग सुनेकडे तोंड करून म्हणाले, "आवाज ऐकलास बाईचा? मशीन आहे, पण माणसं नेमकी ओळखते."

सून हसली. हसणं कसलं, दात दाखवले.

फोन तिचाच, जुना. तिने नवा घेतला होता. डोळ्यांच्या ऑपरेशननंतरही सासऱ्यांना अंधुकच दिसत होतं, म्हणून नवऱ्याने बॅटरी बदलून तो बापाला आणून दिला. शेजारणीने त्यात बोलायची सोय चालू करून दिली. बोट ठेवाल ते वाचतो, फोन कुणाचा ते सांगतो.

सासऱ्यांच्या या बहिणीला, नवऱ्याच्या आत्याला, 'आगलावी' सगळं घरच पाठीमागे म्हणायचं. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते सुनेला माहीत नव्हतं. तिने मात्र ते फोनमध्ये तसंच टाकलं होतं. आणि तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. सासऱ्यांचा नंबर तिने 'ओझं' या नावाने ठेवला होता.

सासूबाई गेल्यावर म्हातारा काही महिने त्यांच्याकडे राहिला, तेव्हाची गोष्ट. सून लॅबमध्ये रक्त काढायची. समोर पेशंट बाही वर करून बसलेला, हातात सुई, आणि फोन वाजायचा. "अगं, साखर कुठे ठेवतेस?" "अगं, गिझरचं बटण कुठलं?" एक दिवस तिचं डोकं फिरलं आणि तिने नाव बदललं. रागात माणूस काहीही करतो, ते एक सोडा. पण दुसऱ्या दिवशी राग गेल्यावर तिने ते लॅबमधल्या बायकांना दाखवलं. सगळ्या पोट धरून हसल्या. सगळ्यांत जास्त ती स्वतः हसली.

पुढे म्हातारा आपल्या घरी परत गेला. 'इथे करमत नाही' म्हणाला. कुणी अडवलं नाही.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकटं राहायचं नाही. म्हातारा हटून बसला. "कुणाच्या डोक्यावर बसणार नाही मी." सुनेनेच समजूत घातली होती, आणि या वेळी मनापासून. आज कुठे बॅग भरली गेली होती. आणि तो एक शब्द फोनमधल्या त्या बयेच्या तोंडून कानावर पडला, की बॅग पुन्हा रिकामी. म्हातारा मग मेला तरी या घराबाहेर पडला नसता.

"दाढी करून येतो," सासरे म्हणाले. फोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि भिंत धरत मोरीकडे गेले. नवरा बॅगा घेऊन खाली उतरला होता.

सुनेने झडप घातली.

"फोन. उघडण्यासाठी दोनदा टॅप करा," फोन बोंबलला.

"गप गं बाई!" तिने आवाज कमी करायला बटण दाबलं. फोनने तेही मोठ्याने सांगितलं. नेहमीसारखं बोट सरकवलं तर काहीच सरकेना. स्वतःचाच फोन तिला चालवता येईना.

"संपर्क," फोन म्हणाला. तिने दोनदा टॅप केलं.

"अडाणी प्लंबर."

असं काही लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. पण त्या वर्षी तिने कुणाकुणाला शिव्या घातल्या, ते कुठे आठवत होतं?

"आगलावी."

'ओ' फार लांब नव्हता. घाईघाईत काचेवरून बोट घसरलं.

"काय शोधतेस?"

सासरे दारात उभे होते. गालाला अर्धा फेस.

"काही नाही बाबा. अक्षरं मोठी करत होते."

"मला अक्षरं कशाला? मी ऐकतो. दुपारी वेळ जात नाही, तेव्हा नावांची सगळी यादी ऐकत बसतो. वरपासून खालपर्यंत."

"सगळी?"

"सगळी. रोज. तेवढीच सोबत."

म्हणजे यांनी ऐकलं होतं. रोज ऐकत होते, आणि तरी चकार शब्द न काढता बॅग भरली होती. लॅबमधलं ते हसणं तिच्या कानात वाजायला लागलं. जमिनीने पोटात घेतलं असतं तर ती आनंदाने गेली असती.

"बाबा, मला माफ करा," ती म्हणाली. "तुमचं नाव मी 'ओझं' म्हणून ठेवलं. तेव्हा तुमचे फोन यायचे, मी वैतागायचे. पण खोटं नाही बोलत, लोकांना दाखवून हसलेही मी. तुम्ही ते रोज ऐकलंत आणि एका शब्दाने बोलला नाहीत. माझी लायकी नाही हो."

फेस ओघळून सदऱ्यावर पडला. मग सासरे टेबल चाचपडत आले, तिच्या हातातून फोन घेतला आणि दोरी पुन्हा गळ्यात घातली.

"अगं," ते हळूच म्हणाले, "बॅटरी बदलताना दुकानदाराने तुझं सगळं पुसलं होतं. फोन माझ्याकडे आला तो कोरा. यातलं एकूणएक नाव मी सांगितलंय, शेजारणीने टाकलंय."