ओली माती

नंदकुमारने कुंडीत बोट खुपसलं आणि मृणालिनी दोन पावलं मागे सरकली.

माती ओली होती. वर फ्युशियाचं झाड मान टाकून लोंबत होतं. ज्या लाल-जांभळ्या फुलांचं कौतुक करायला त्याच्या ऑफिसातली माणसं पार बोरिवलीहून घाटकोपरला यायची, ती ओल्या चिंध्यांसारखी झाली होती.

"पाणी कोणी घातलं?" त्याने हळू आवाजात विचारलं. त्याचा आवाज हळू झाला की काय होतं, हे घरात मायलेकी दोघींनाही ठाऊक होतं.

मुंबईच्या उकाड्यात हे थंड हवेचं झाड जगत नाही, असं सगळे म्हणत. याने जगवून दाखवलं होतं. दुपारभर बेडरूमचा एसी त्या झाडासाठी चालायचा आणि मृणालिनी स्वयंपाकघरात घामाने निथळायची. बाळाचं तोंड पुसावं तशी तो त्याची पानं पुसायचा. उकाड्याने पानं मलूल झाली तर गार जागी ठेवायचं, पाणी मुळीच घालायचं नाही, मुळं कुजतात, हा नियम तिला पाठ होता. पण आज दुपारी लाईट गेली, एसी बंद पडला, झाडाने मान टाकली आणि तिची घाबरगुंडी उडाली. घाबरलेल्या माणसाला कसले नियम आठवणार? तिने फ्रिजमधली अख्खी बाटली कुंडीत ओतली.

"मी घातलं," गंधाली म्हणाली.

मृणालिनीने चमकून लेकीकडे पाहिलं. पोरगी आईसाठी धडधडीत खोटं बोलत होती. बाबा आपल्याला मारत नाही, हा तिचा भरवसा. त्याच एका गोष्टीवर मृणालिनीनेही इतकी वर्षं रेटली होती. पोरीला हात लावत नाही ना, मग आपलं काय, होईल तसं होईल.

आज त्याने हात लावला. गंधालीचं डोकं कपाटावर आपटलं, ओठ फुटला. दुसरी थप्पड बसली तशी ती खाली कोसळली. शेजारी नलिनीताईंनी सवयीने टीव्हीचा आवाज वाढवला.

"शंभरदा सांगितलंय ना?" त्याने पोरीचे केस धरले. "सांगितलंय ना गं?"

मृणालिनी मध्ये पडली नाही. मध्ये पडून काय होतं ते तिच्या बरगड्यांनी भोगलं होतं. ती सरळ खिडकीशी गेली आणि झाडाचा बुंधा मुठीत धरला.

"सोड तिला."

"मृणाल, हात काढ तिथून."

तिने एक फांदी कडकन मोडली. तो धावून आला, तिचा दंड पिरगाळला, पाठीत गुद्दे घातले. पण तिने मूठ सोडली नाही आणि प्रत्येक गुद्द्यासरशी झाड मातीतून वर यायला लागलं. हे त्याच्या ध्यानात आलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याचा हात वरच्या वर थांबला.

"बरं, नाही मारत. हे बघ, लांब झालो." त्याने चक्क हात जोडले. "सोड ना. फार नाजूक असतं गं ते."

मृणालिनीने गंधालीकडे पाहिलं. पोरीच्या हनुवटीवरून रक्त कुर्त्यावर ओघळत होतं. मग तिने हिसका देऊन झाड उपटलं. दातओठ खात फांद्या पिरगाळल्या, फुलं कुस्करली, मुळं टाचेखाली रगडली. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. हात पुसायच्याही फंदात न पडता तिने लेकीला काखेत धरून उठवलं, दाराशी नेलं आणि दोघींच्या चपला पुढे ओढल्या.

नंदकुमार मटकन चिखलात बसला. चुरगळलेली एक कळी त्याने ओंजळीत घेतली. त्याच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी वाहत होतं.

"मुक्या जीवाने," तो हुंदके देत म्हणाला, "काय वाकडं केलं होतं गं तुझं?"