नवी गाठ

दवाखान्यातल्या खाटेवर सिद्धलिंगप्पांनी उजवा पाय लाकडासारखा ताठ धरला होता. परवाच त्या पायाच्या शिरेतली बिघडलेली झडप डॉक्टरांनी आतून शिवली होती. "घोटा वरखाली हलवत राहा. पाय असाच ठेवलात तर रक्ताची गुठळी होईल, आणि ती छातीत गेली तर काही खरं नाही," असं ते सकाळी बजावून गेले होते. पण ऐकेल तो कोष्टी कसला!

"शिवलं कशानं, इचारलं मी," ते बायकोला म्हणाले. "केसाहून बारीक धागा हाय म्हनं. नवी गाठ लगेच ताणायची नसती, एवढं बी तुला कळत न्हाय व्हय?"

नीलम्मा कडक भाकरी मोडता मोडता थांबली. मिसरूड फुटायच्या आधीपासून मागावर बसलेल्या माणसाला धाग्याचं कोण शिकवणार? नर्स जोयानं गोडीनं सांगून पाहिलं होतं, दटावूनही पाहिलं होतं. पाय ढिम्म. घोट्यावरची सूज वाढत चालली होती. हा माणूस हट्टापायी जाणार, असं नीलम्माला खरंच वाटायला लागलं.

तिनं डबा बाजूला ठेवला आणि स्टूल ओढून ती त्यांच्या पायांपाशी बसली.

"आनि धागा सैल पडला की काय हुतं वो?"

"गुंता हुतो." उत्तर सवयीनंच आलं.

"मग? रगताचा गुंता करून घेताय व्हय? सुताच्या कांड्या भरून बसलीया मी कवाची. मारा की पावडी."

सिद्धलिंगप्पा तिच्याकडे बघतच राहिले. घरातला हातमाग गेल्यापासून हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. पुढं कारखान्यात यंत्रमागापुढं उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या, तिथं कांड्या भरून देणारी नीलम्मा नव्हती.

आधी डावा पाय हलला. मग भीत भीत उजव्याचा अंगठा, मग टाच. पायाखाली मागाच्या पावड्या असाव्यात तसे दोन्ही पाय आळीपाळीनं खालीवर होऊ लागले. हातानं चादरीवरच दोरी ओढली आणि आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडं गेला. नीलम्माला तो दिसला. मागाच्या खड्ड्यातली ओल, खळीचा वास, झरोक्यातनं सुतावर पडलेलं ऊन, सगळं तिला आठवलं. किती बरे दिवस होते ते, असं वाटून तिला रडू आलं.

"कुनाचं लुगडं हाय?" तिनं विचारलं.

"तुजंच. हिरवं. माग मोडला तवा अर्ध्यात ऱ्हायलेलं."

नायलॉनच्या साडीचा पदर तिनं डोळ्यांना लावला.

जोया आत आली ती दारातच थांबली. पाय चालू झालेले पाहून तिचा चेहरा खुलला. थोडा वेळ तिनं बघितलं आणि मग हसत म्हणाली, "शाबास आजोबा! आता बास करा, दमाल. राहिलेलं संध्याकाळी करू."

पाय थांबले नाहीत.

"थांबा की सिस्टरबाई," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "पदर ऱ्हायलाय."