चाळीसच्या पुढची थरथर

तिसगावच्या रेश्माशी आदिनाथचं लग्न ठरलं. पण तूर्त ते ठरलंच नाही असं धरून चालू. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाटांवर जीपचं पोट दगडांना घासायचं, म्हणून त्यानं ती चाकांवर चार इंच उंच करून घेतली. तेव्हापासून वेगाचा काटा चाळीसच्या पुढं गेला की गाडीला हुडहुडी भरायची आणि शेजारी बसलेल्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, लग्नाचा विषय “ल-ल-ल”वरच अडकायचा. आदिनाथला लग्न इतक्यात नकोच होतं, त्यामुळं वर्ष सुखात गेलं.

मग गाडी उंच केल्यानं तिरका झालेला, चाकांना जोर पोचवणारा शाफ्ट थरथरून तुटेल या भीतीनं त्यानं केडगावच्या मिस्त्रीकडून ॲक्सलला पाचर बसवून शाफ्टचा कोन सरळ करून घेतला. आता गाडी साठवरही देव्हाऱ्यासारखी शांत. आण्णांनी घसा खाकरला.

“तिसगावला एक पोरगी हाय.”

“बघू की आण्णा, दिवाळीनंतर.”

“दिवाळीपत्तुर गाडी पुन्हा बिघडंल. आत्ताच वळव!”

तिसगावात पोह्यांची बशी पुढं आली, तसा आदिनाथ हात धुवायच्या निमित्तानं अंगणात गेला आणि त्यानं फोन लावला.

“मिस्त्री, सदर गाडीची थरथर आज सकाळपासून पूर्वलक्षी प्रभावानं पुन्हा लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती.”