सीलबंद नमुना

“आमचा ट्रक तुमच्या कचेरीनं सडवला साहेब, अन् नाव आमच्या झाडायचं घेता!”

चतुराबाई उभी राहूनच बोलली. अमरावतीच्या त्या सरकारी सभागृहात सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मंचावर लांबलचक फलक होता, ‘शेजारी देश, सामायिक विकास’. त्याखाली निर्यात-तपासणी कचेरीचे पाच साहेब आणि पाच पाण्याच्या बाटल्या.

तिवस्याकडच्या चाळीस संत्रावाल्यांनी यंदा दलाल बाजूला सारून पहिल्यांदाच स्वतःचा ट्रक बांगलादेशला धाडला होता. चौथ्या दिवशी तो हद्दीवर पोचला आणि अकरा दिवस तिथंच उभा राहिला. मग कागद आला. तपासणीच्या नमुन्यात अळी निघाली म्हणे. माल परत. घरी आला तो निव्वळ चिखल. आज या बैठकीत सही होणार होती, की या गटाचं फळ वर्षभर हद्दीपार जाणार नाही. निम्मा माल अजून झाडांवर होता.

“वैनी, बसा ना खाली,” शेजारचा जानराव कुजबुजला. “अळी आपल्याच बागेतली असंल त काय तोंड दाखवता?”

गटातल्या सगळ्यांना तसंच वाटत होतं. पंधरा दिवस ते एकमेकांच्या बागेकडे चोरासारखे बघत होते. कोणी फवारणी चुकवली, कोणी गळालेली फळं वेचली नाहीत. त्या एका कागदानं गावात भांडणं लावली होती.

मधल्या साहेबांनी टेबलावरची नमुन्याची खाकी थैली उचलली. तिला लाखेचं सील, वर ट्रकचा नंबर. “हा पुरावा. शेजाऱ्यांचा विश्वास सांभाळावा लागतो, बाई. रडारडीवर व्यापार चालत नाही.”

“रडून कोन राहिलं? उघडा थैली.”

“सील तोडता येत नाही. नियम आहे.”

“ट्रकभर माल सडवता येते, अन् चिमूटभर लाख तोडता येत नाही?”

ती तरातरा मंचावर चढली. शिपाई आडवा आला. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो बाजूला झाला. नखानं लाख उडवली. थैलीतून चार फळं टेबलावर घरंगळली आणि चतुराबाईला हसूच फुटलं.

साहेबांना काहीच कळलं नाही. म्हणून तिनं एक फळ त्यांच्या नाकासमोर सोलायला घेतलं. वऱ्हाडच्या संत्र्याला अंगठा लावला की साल अंगरख्यासारखी सुटून येते. ही साल चिकटून बसली. तिनं ओरबाडली तेव्हा रस साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. मग एकेक फोड पिळून तिनं बिया टेबलावर टाकल्या. बावीस निघाल्या; वऱ्हाडच्या संत्र्यात सहा-सात सापडतात.

जानराव खुर्चीवर चढून ओरडला, “अरे, हा त किन्नू हाय! पंजाबचा किन्नू! साहेब, आख्ख्या तिवस्यात किन्नूचं एक झाड दाखवा, माही बाग तुमच्या नावावर करून देतो!”

सभागृह हसण्यानं दणाणलं. साहेबांनी थैली उलटीसुलटी करून पाहिली. नंबर बरोबर होता.

चतुराबाईनं हात पदराला पुसले.

“नंबर आमचा, फळ दुसऱ्याचं. मंग त्या अकरा दिवसात आमच्या ट्रकची ताडपत्री सोडून नमुना तुमच्यापैकी कोनं काढला होता? नाव सांगा.”